मोबाइल बंद पडल्यावर हॅम रेडिओ (परवाना काढून हौसेने चालवायचा बिनतारी संच) खरंच कामाला येतो का, आणि तो चालवणारे मुंबईतले ‘हॅम’ सराव तरी कसला करतात?

येतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा फोनची काय अवस्था झाली होती ते आठवा. हॅमच्या सेटला टॉवर लागत नाही. १२ व्होल्टची बॅटरी आणि अँटेना असला की झालं.

सराव मात्र बघायला कंटाळवाणा. बोलायचं कमी, लिहायचं जास्त. एक जण ‘नेट कंट्रोल’ असतो. त्याने नाव पुकारल्याशिवाय कुणी बोलायचं बटण दाबायचं नाही. निरोप आला की कागदावर उतरवायचा: क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला. मग तोच परत वाचून दाखवायचा. ‘पन्नास’चं ‘पंधरा’ झालं तर पाण्याच्या बाटल्या कमी पोचतात, म्हणून आकडे सुटे म्हणायचे: पाच, शून्य.

मुंबईची खरी गंमत (की डोकेदुखी?) म्हणजे भूगोल. हॅम वापरतात त्या १४४-१४६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. बोरिवली-मुलुंड नकाशावर शेजारी, पण मधे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मग तिसऱ्याच कुणाच्या गच्चीवरून निरोप पुढे ढकलायचा. कधी पाण्याच्या टाकीमागून दोन पावलं सरकलं तरी खरखर जाऊन आवाज स्वच्छ येतो. हे सरावातच कळतं.

हॅमच्या लहरींवर परवान्याशिवाय प्रक्षेपण बेकायदा आहे, तेव्हा ऑनलाइन वॉकीटॉकी मागवायच्या आधी केंद्र सरकारची परीक्षा द्या. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की बसता येतं.