आठ रेटिंगची शाळा घ्यावी का, असं विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच लागेना, म्हणून लिहायला बसलेय. जुलैत न्यू जर्सीला येताय, मुलगी सातवीत जाईल, दोन घरं बघून ठेवलीत. एका घराला लागणाऱ्या मिडल स्कूलचं रेटिंग 10 पैकी 8, आणि तिथे बरीच मुलं एशियन. दुसरीचं 5, आणि तिथे निम्म्याहून जास्त मुलांना जेवण फुकट किंवा सवलतीत मिळतं. भाड्यात मोठा फरक आहे. कुठलं घ्यावं?

व्हिसा, भाडेकरार, पत्त्याचे पुरावे हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते परत सांगत नाही. एकच सांगते, कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलीला लहानपणी बीसीजी दिलेलं असणार. शाळाप्रवेशासाठी हाताच्या कातडीत सुई देऊन करतात ती टीबीची टेस्ट बीसीजीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. माझ्या मुलाच्या हातावर रुपयाएवढी लालबुंद गाठ आली. मग एक्स-रे, मग रिपोर्टवर डॉक्टरची सही, आणि शाळा सुरू होऊनही 9 दिवस तो घरी. तुम्ही रक्ताची टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ते 9 दिवस अजून माझ्या मनातून जात नाहीत. तो वर्गात गेला तोवर कोण कोणाशेजारी बसणार हे ठरून गेलं होतं.

आता रेटिंगचं. इथे तिसरी ते आठवी दर वर्षी भाषा आणि गणिताची राज्याची परीक्षा असते, आणि तो 8 चा आकडा बराचसा तिच्यातूनच येतो. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातले असे निकाल तपासलेत. सरासरी गुण घरच्या परिस्थितीशी घट्ट जोडलेले असतात, पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात याचा त्या परिस्थितीशी फारसा संबंध नसतो. म्हणून शाळेच्या रिपोर्टमध्ये ग्रोथ, म्हणजे मुलांची वर्षभरातली प्रगती, बघा. फुकट जेवणाच्या आकड्यावरून शाळा खोडू नका. केंद्राच्या नियमाने दारिद्र्यरेषेच्या 185 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातली मुलं त्यात येतात. त्यावरून आईबापांची मिळकत कळते, शिक्षक कसे आहेत ते कळत नाही.

हे सगळं मला 2014 मध्ये ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मी रेटिंगही धड बघत नव्हते. शाळेत कुठल्या वंशाची किती मुलं, तो गोल चार्ट मी बघत होते. एशियनचा तुकडा केवढा, आणि काळ्या नि हिस्पॅनिक मुलांचा किती बारीक. तो बारीक दिसला की मला हायसं वाटायचं. हे मी नवऱ्याजवळसुद्धा बोलले नाही. ऐपतीबाहेरचं भाडं भरलं ते त्या हायसं वाटण्यासाठी.

आणि त्या चार्टमध्ये माझा मुलगा कुठल्या रकान्यात जाईल, हे बघितलंच नाही. आम्ही त्याला हट्टाने सेमी इंग्रजीत घातलं होतं. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म देतात, त्यात मी अभिमानाने ‘मराठी’ लिहिलं. त्यावरून इंग्रजीची चाचणी झाली आणि तो ईएसएलला, म्हणजे इंग्रजी कमी असलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गाला, गेला. इंग्रजी कमी असलेल्या मुलाला मदत देणं शाळेवर बंधनकारक आहे, 1974 च्या ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून. मला मात्र ते नापास झाल्यासारखं वाटलं. इमारतीतली इतर भारतीय मुलं इथेच जन्मलेली, आठवीत अल्जिब्रा करणारी, आणि माझा मुलगा इजिप्त आणि डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेल्या मुलांबरोबर चित्रांवरून वाक्यं बनवतोय.

तो तिथे खूश होता. घरी येऊन स्पॅनिश शब्द म्हणून दाखवायचा.

पालकांना ही मदत नाकारता येते. जानेवारीत मी सही करून त्याला बाहेर काढलं. (दर वर्षीची इंग्रजीची परीक्षा त्यानंतरही सुटत नाही, तीही त्याने दिली.) मार्चमध्ये डेंटिस्टकडे न्यायला मी दुपारी शाळेत गेले. ऑफिसमधून कॅफेटेरियाची काच दिसते. लांब टेबलाच्या टोकाला तो एकटा बसला होता, पुढ्यात पुस्तक उघडं. मी उभी होते तेवढ्या वेळात त्याने पान उलटलं नाही. ईएसएलची पोरं पलीकडच्याच टेबलावर हसत होती. गाडीत विचारलं, त्यांच्याबरोबर का नाही बसत? म्हणाला, “तूच म्हणालीस ना, मी आता त्या वर्गातला नाही.”

धाकटीच्या वेळी मी फॉर्मवर ‘इंग्लिश’ लिहिलं. घरी आम्ही मराठीच बोलत होतो. पुढे नाही बोललो. तिला कळतं सगळं, पण आजीशी फोनवर ती दोन वाक्यांपुढे जात नाही.

एकटेपणाचं विचारलंत. तुमचा स्वतःचा पहिल्या हिवाळ्यात जड जातो, मग अंगवळणी पडतो. त्याची काळजी करू नका.

गणिताची मात्र करा. वरच्या गटाची चाचणी बहुतेक वसंतातच होऊन जाते, जुलै-ऑगस्टमध्ये येणारी मुलं आपोआप खालच्या गटात पडतात. आमच्या बाबतीत तेच झालं आणि आठवीत त्याचा अल्जिब्रा हुकला. आल्या आल्या काउन्सेलरला लेखी कळवा की चाचणी घ्या. मुलगी ईएसएलला गेली तर राहू द्या. रिपोर्टमध्ये इंग्लिश लर्नरची ओळ खाली दिसेल, कारण जी मुलं तयार होतात ती पुढे त्या ओळीतून निघून जातात. त्याऐवजी त्या मुलांची इंग्रजीतली वार्षिक प्रगती वेगळी दिलेली असते, ती वाचा. फॉर्मवर खरं तेच लिहा.

मुलगा आता 23 वर्षांचा आहे, नोकरी करतो, बरं चाललंय त्याचं. त्या सहीबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

दुसऱ्या शाळेचा रिपोर्ट मला पाठवा. 5 वाल्या. ग्रोथचं पान आपण बरोबर वाचू.