पहिली परदेशी मॅरेथॉन, सोबत घरचे: बर्लिनला त्यांना उभं कुठे करायचं?

तुमचा प्रश्न असा: पहिलीच परदेशी मॅरेथॉन, बर्लिनची लॉटरी लागलीय, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि आई सोबत यायचं म्हणताहेत. त्यांना न्यावं का, आणि नेलं तर शर्यतीत त्या तुम्हाला बघणार कशा?

न्या. पण त्यांचाही त्या दिवशी एक वेगळा कार्यक्रम असतो, आणि तो तुमच्या ट्रेनिंगइतकाच आधी ठरवावा लागतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी २०२३ साली धावले. सोबत नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा. अण्णा एसटीत कंडक्टर होते. सातारा डेपो, बत्तीस वर्षं.

आधी आमची फजिती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. पहिली जागा ठरली होती हेर्मानप्लाट्झ, सोळाव्या किलोमीटरच्या आसपास. मी सांगून ठेवलं होतं, ‘उजव्या बाजूला थांबा.’ ते थांबले. त्यांच्या उजव्या बाजूला! धावणारे येतात त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की त्यांचं उजवं ते माझं डावं. मी रस्त्याची उजवी कड धरून एकेक चेहरा बघत चाललेय, आणि पलीकडच्या कडेला मुलगा घसा फोडून ‘आई’ ओरडतोय. मध्ये माणसांची नदी. मला ऐकू आलं नाही. पुढचे दोन-तीन किलोमीटर मान वळवून मागे बघण्यात गेले, पेस (धावण्याची लय) बिघडला, आणि खरं सांगायचं तर रडूच आलं. अर्धी शर्यत व्हायच्या आधीच रडायचं म्हणजे काय!

तेव्हा डावं-उजवं हे शब्दच वापरू नका. मी घड्याळ डाव्या हातात बांधते, तर आता आमच्यात ‘घड्याळाची बाजू’ आणि ‘मोकळी बाजू’ असंच बोलतात. शिवाय ‘स्टेशनच्या बाहेर’ असं मोघम सांगू नका. हेर्मानप्लाट्झच्या स्टेशनला बाहेर पडायचे रस्ते कितीतरी आहेत. आदल्या दिवशी नकाशावर नेमका कोपरा, दुकान किंवा झाड ठरवा.

आता जागा. नेटवर सगळे तुम्हाला विल्डर एबर सांगतील, अठ्ठावीसाव्या किलोमीटरला, बँड वाजतात, गर्दी असते वगैरे. वातावरण झकास आहे, पण भुयारी रेल्वेचं स्टेशन अगदी जवळ नाही. आईंना आणि आठ वर्षांच्या पोरीला घेऊन तिथे चालत जायचं आणि परत यायचं, तर पुढची जागा हुकणार. अण्णांनी काढलेलं वेळापत्रक मला जास्त पटतं, कारण त्यात त्यांनी गाडी, बदली आणि हातात राखून ठेवलेली वेळ असं सगळं एसटीसारखं धरलं होतं.

हेर्मानप्लाट्झला बघायचं. तिथून भुयारी रेल्वेची निळी यू-७ धरायची, ती कुठेही न बदलता थेट फेरबेलिनर प्लाट्झला नेते, साधारण वीस-बावीस मिनिटांत. तिथे तुमचा बत्तिसावा किलोमीटर येतो. किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसने तुम्हाला मधले सोळा किलोमीटर यायला पावणेदोन तासांहून जास्त लागणार, म्हणजे घरच्यांना खायला, बसायला, बाथरूमला भरपूर वेळ. मग फेरबेलिनर प्लाट्झहून हिरवी यू-३, नोलेनडॉर्फप्लाट्झला लाल यू-२ मध्ये बदलायचं आणि पोट्सडामर प्लाट्झला उतरायचं. हा अडतिसावा किलोमीटर. इथे त्यांच्या हातात पाऊण तासच असतो आणि गर्दी फार, त्यामुळे तुम्ही दिसलात की ‘फोटो बघूया’ करत न थांबता लगेच निघायचं. आमच्या पोराने रंगांवरून सगळं पाठ केलं होतं, निळी-हिरवी-लाल. मोठ्यांपेक्षा तोच बरा निघाला.

बर्लिनच्या भुयारी रेल्वेला गेट नाहीत, आत शिरताना कुणी अडवत नाही. तिकीट काढून फलाटावरच्या मशीनमध्ये स्वतःच छापून घ्यायचं. अण्णांना हे काही झेपेना. ‘आणि तपासायला कुणी आलंच नाही तर?’ अहो, साध्या कपड्यातले तपासनीस येतात, म्हणून छापायला विसरू नका. पाच जणांपर्यंत चालणारं चोवीस तासांचं एकच तिकीट मिळतं, ते घ्या. आणि बाथरूमसाठी सुटी नाणी जवळ ठेवा. आमच्याकडे सुट्या पैशांची ददात नव्हती, बत्तीस वर्षांची सवय!

धावणारा कुठे पोचला ते दाखवणाऱ्या शर्यतीच्या अ‍ॅपवर भरवसा ठेवा, पण डोळे झाकून नको. दर पाच किलोमीटरला वेळ नोंदवणारी मॅट असते, तिथली वेळ खरी. मधला जो ठिपका सरकताना दिसतो तो अंदाज असतो. तुम्ही वाटेत बाथरूमला थांबलात तरी तो बिचारा धावतच असतो.

सुरुवातीला घरच्यांना आणू नका. स्टार्टच्या आवारात फक्त धावणारे सोडतात, आणि त्या टिअरगार्टन बागेत सकाळी कडाक्याचं गार असतं. मुंबईला आपण सीएसएमटीसमोर अंधारात पाच वाजता सुटतो, इथे माझी वेव्ह (धावणाऱ्यांची तुकडी) दहा वाजून गेल्यावर सुटली. आपल्या घड्याळाने दुपारचे दीड! पाचलाच जाग आली होती, म्हणून मी दोनदा खाल्लं, आधी केळं आणि चहा, मग आठ वाजता शेंगदाण्याचा लाडू. जुना स्वेटर अंगात ठेवा आणि सुटताना काढून टाका. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा केळी, दूध, ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. मी रात्री मऊ भात आणि मेतकूट खाल्लं, दुसरं काही करायचा धीर नव्हता.

बिब (छातीवर लावायचा नंबर) टेम्पलहोफच्या बंद पडलेल्या विमानतळावर मिळतो. तिथे मनगटाला पट्टी बांधतात, ती शर्यत होईपर्यंत काढायची नाही. चालणं प्रचंड होतं, म्हणून शुक्रवारीच उरका. आम्ही शनिवारी गेलो, वर अण्णांना ते हँगर बघायचे होते, संध्याकाळी माझ्या पोटऱ्या धरल्या.

व्हिसाबद्दल एकच सांगते: लॉटरी लागली की सगळ्यांच्या पासपोर्टच्या तारखा बघा आणि प्रवासाच्या सहा महिने आधी अर्जाची खिडकी उघडली की अपॉइंटमेंट घ्या. वयस्क माणसाला दुसऱ्या तारखेला बोलावलं की घरात नसते वाद होतात.

फेरबेलिनर प्लाट्झला मात्र ते मला दिसले. खरं तर आधी पोराच्या हातातला भगवा टॉवेल दिसला. (झेंडा, पाट्या यांत तो हरवला नाही, कारण तो काठीवर उंच होता. पाटी करणार असाल तर तुमचं नाव मोठ्या अक्षरांत आणि देवनागरीत लिहा, लाख चेहऱ्यांत ती लिपी डोळ्यांना लगेच सापडते.) नवऱ्याने मिठाची पुडी आणि पाणी दिलं, मी तीस सेकंद थांबले. थांबा तुम्हीही, त्या तीस सेकंदांनी काही बिघडत नाही.

पोट्सडामर प्लाट्झला मी चालायला लागले होते. पाय दगड, मांडीत गोळा. तेवढ्यात घड्याळाच्या बाजूने, सगळ्या जर्मन गोंगाटातून, ओळखीचा दमदार आवाज आला: ‘डबल बेल! चला, चला, जाऊ द्या!’ ज्यांनी एसटीने प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे सुटा. मी हसले आणि सुटले. पुढचे चार किलोमीटर कसे गेले ते नीट आठवत नाही. ब्रांडेनबुर्ग गेटच्या खांबांवर आंदोलकांनी आठवडाभर आधी फवारलेल्या नारिंगी रंगाच्या खुणा तेवढ्या लक्षात आहेत. गेट म्हणजे फिनिश नाही बरं का, तिथून आणखी साधारण चारशे मीटर आहेत, तिथेच हात वर करून संपवू नका! ४ तास ५८ मिनिटं. घड्याळात अंतर ४२.८ दाखवत होतं, कारण कडेकडेने माणसं शोधत धावले. रस्त्यावर निळी रेघ असते, ती धरलीत तर तुमचं कमी होईल.

त्याच दिवशी इथिओपियाच्या टिगिस्ट असेफाने २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत महिलांचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला. तिने शेवटची रेघ ओलांडली तेव्हा मी अकराव्या किलोमीटरच्या आसपास होते. अण्णा हे आजही पाहुण्यांना माझ्यासमोरच सांगतात.

संपल्यावर भेटायला राइश्टागजवळ (जर्मन संसदेची इमारत) अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. आपल्या आडनावाचं अक्षर घेऊ नका, कमी वापरातलं घ्या. आम्ही ‘एक्स’ घेतलं, तिथे चारच माणसं होती.

आईंचे गुडघे दुखत असतील तर हेर्मानप्लाट्झ सोडून द्या. त्या सकाळी आरामात उठू देत, थेट फेरबेलिनर प्लाट्झला येऊ देत. तिथून पुढे जमलं तर पोट्सडामर, नाही तर सरळ ‘एक्स’.