मत्तय २४ : घडून गेलं की घडायचंय?

प्रश्न : ‘हे सर्व घडेपर्यंत ही पिढी सरणार नाही,’ असं अंतकाळाच्या खुणा सांगताना येशू म्हणतो (मत्तय २४:३४). मग अंतकाळ होऊन गेला का?

उत्तर : काही भाग नक्कीच होऊन गेला. मत्तय २४ शेजारी याच बोलण्याची नोंद असलेला लूक २१ उघडून ठेवा. लूकच्या विसाव्या वचनात यरुशलेमेला सैन्याचा वेढा पडतो, इ.स. ७० मध्ये तीतसच्या रोमी फौजेने शहर घेतलं, मंदिर जाळलं. इथवर फारसा वाद नाही. खरी अडचण मत्तय २४ च्या २९ ते ३१ या वचनांत येते. सूर्य काळवंडेल, ही भाषा यशया १३:१० मध्ये बाबेलच्या पतनासाठी आली आहे, म्हणून काही अभ्यासक तीही ७० लाच लावतात. पण मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, सर्वांना दिसेल, हे तिथे बसवताना ओढाताण होते, असं मला वाटतं.

सगळं ७० मध्येच होऊन गेलं असं मानणारा पक्ष नव्या करारातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, हेही यरुशलेमेच्या पाडावालाच लावतो. पण त्याचं गणित ते केव्हा लिहिलं यावर अडतं. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनियस याच्या साक्षीप्रमाणे ते रोमी सम्राट डोमिशियनच्या काळातलं, म्हणजे साधारण इ.स. ९५ चं असेल, तर यरुशलेमेच्या पाडावाचं भाकीत ठरत नाही. म्हणून हा पक्ष ते सम्राट नीरोच्या, म्हणजे ७० च्या आधीच्या, काळात नेतो.

पुनरुत्थानही होऊन गेलं, असं कोणी शिकवलं तर मात्र ऐकू नका. हुमनाय व फिलेत यांना पौलाने याच शिकवणीबद्दल दोष दिला (२ तीमथ्य २:१७-१८).