उत्तर: गरोदरपणातील तीव्र उलट्यांसाठी दाखल असताना परिचारिकांकडून काय अपेक्षा ठेवावी?

पत्नीला दहाव्या आठवड्यात दाखल केले असून वॉर्डातील परिचारिका ‘उलट्या सगळ्यांनाच होतात’ असे सांगतात, असे आपण लिहिले आहे. प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काम करताना हे वाक्य मीही उच्चारले आहे, म्हणून उत्तर देते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे तिसऱ्यांदा दाखल झालेली एक रुग्ण होती. वजन ५२ किलोंवरून ४६ वर आलेले, लघवीत कीटोन (पोटात अन्न न टिकल्याची खूण), सलाइनसाठी शीर सापडत नव्हती. मी रक्तदाब मोजायला गेले की ती तोंड टॉवेलात खुपसून भिंतीकडे वळत असे, आणि मी नोंदवहीत ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असे लिहून मोकळी होत असे. तिसऱ्या रात्री टॉवेल न काढताच तिने विचारले, ‘सिस्टर, तुम्ही हाताला काय लावता?’ सुगंधी क्रीम होते. म्हणजे दर चार तासांनी मीच तिला उलटी आणत होते. हात धुऊन आल्यावर तिने निमूटपणे दंड पुढे केला.

सकाळी ड्यूटी सोपवताना हे सांगितले, तेव्हा इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘लाड केले की उलट्या वाढतात, तिला मन घट्ट करायला शिकवा.’ त्या वेळी मी गप्प बसले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या आजाराचा संबंध गर्भ व वारेतून येणाऱ्या जीडीएफ१५ या संप्रेरकाशी आणि त्याला मातेचे शरीर किती संवेदनशील आहे याच्याशी जोडला; त्यात मनाच्या घट्टपणाचा प्रश्न येतोच कुठे?

तेव्हा अपेक्षा जरूर ठेवा: उलटीने भरलेला ट्रे उशाशी राहू नये, औषधाची वेळ टळू नये, रोज वजन व्हावे, प्यालेले पाणी आणि झालेली लघवी मोजली जावी. कित्येक दिवस अन्न टिकले नसेल, तर ग्लुकोज लावण्यापूर्वी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) दिले का, हे डॉक्टरांना विचारणारी परिचारिका मी उत्तम समजते.

अर्थात मायेने उलट्या थांबत नाहीत, औषधे लागतातच. आणि एका परिचारिकेकडे वीस खाटा असतील तर सारा दोष तिचा नसतो. पत्नी गोंधळल्यासारखी बोलू लागली, तिला दोन-दोन दिसू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर मात्र राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. आणि कोणता वास सहन होत नाही, हे तिला आजच विचारून परिचारिकांना सांगा. तिला कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.