विज्ञान संघात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यास

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेच्या विज्ञान स्पर्धा संघासाठी नाव द्यावे की नाही, असे तू विचारले आहेस आणि त्याला जोडूनच ‘मला सगळे विषय नीट येत नाहीत’ अशी कबुलीही दिली आहेस. सगळे विषय नीट येणारा विद्यार्थी मी इतक्या वर्षांत पाहिलेला नाही, आणि तसा कोणी असताच तर त्याला संघाची गरज पडली नसती. संघाला हवा असतो तो ज्याने घेतलेली मोजमापे बाकीचे डोळे मिटून वापरू शकतील असा माणूस. हे सारे पत्र त्याच एका गोष्टीविषयी आहे.

आधी स्पर्धा कोणत्या प्रकारची आहे ते विचारून घे, कारण ‘विज्ञान स्पर्धा’ या एका नावाखाली फार वेगवेगळे प्रकार येतात. १९६७ साली वॉर्सा येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडला देशाचा संघ जातो खरा, पण तेथे प्रत्येक जण आपापली उत्तरपत्रिका एकट्याने सोडवतो. २००४ पासून होणाऱ्या कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडमध्ये सहा जणांचा संघ असतो आणि प्रयोगाची फेरी तिघातिघांच्या गटाने करावी लागते. ‘इंटरनॅशनल यंग फिजिसिस्ट्स टूर्नामेंट’ ही १९८८ मध्ये मॉस्कोत सुरू झालेली स्पर्धा तर अगदीच निराळी आहे. तेथे सतरा प्रश्न जवळजवळ वर्षभर आधी जाहीर होतात, त्यांना पुस्तकात छापलेले उत्तर नसते, आणि पाच जणांच्या संघाने स्वतः प्रयोग करून काढलेले निष्कर्ष दुसऱ्या संघांसमोर मांडून त्यांच्या आक्षेपांना तोंड द्यायचे असते. माझा ओढा उघडपणे या शेवटच्या प्रकाराकडे आहे, तेव्हा पुढचे वाचताना एवढा पक्षपात गृहीत धर.

निवड चाचणीसाठी पाठांतराचा डोंगर उपसण्यापेक्षा एक दोलक टांग. एक मीटर लांबीच्या दोलकाचे एक दोलन सुमारे दोन सेकंदांत पूर्ण होते. ते स्टॉपवॉचने मोजताना तुझ्या बोटाची चूक साधारण ०.२ सेकंदाची धरली, तर आवर्तकालात, म्हणजे एका दोलनाच्या वेळेत, दहा टक्क्यांची अनिश्चितता आली आणि त्यावरून काढायचे गुरुत्वत्वरण आवर्तकालाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे त्यात वीस टक्क्यांची. आता एका दोलनाऐवजी वीस दोलने मोज. बोटाची चूक तेवढीच राहते, पण ती वीस दोलनांत वाटली जाते आणि गुरुत्वत्वरणातील अनिश्चितता एका टक्क्यावर येते. येथवर बहुतेक मुले पोहोचतात आणि समाधानाने थांबतात. तू थांबू नकोस. दोलक वीस अंशांच्या कोनातून सोडला असेल, तर त्याचा आवर्तकाल पुस्तकातल्या सोप्या सूत्रापेक्षा सुमारे ०.८ टक्क्यांनी जास्त येतो आणि गुरुत्वत्वरणात सुमारे दीड टक्क्याची चूक होते, म्हणजे जी चूक पहिल्या मोजणीत कोणाच्या ध्यानीमनीही आली नसती, तीच आता सर्वांत मोठी होऊन बसली. एक चूक लहान केली की तिच्याआड दडलेली दुसरी दिसू लागते, हे ज्याने स्वतःच्या हातांनी एकदा अनुभवले आहे, त्याला निवडीच्या वेळी दोन सूत्रे आठवली नाहीत तरी मी संघात घेतो.

निवड झाल्यावर वर्षभराचे काम सुरू होते. ते कसे चालते, हे एका जुन्या प्रश्नावरून सांगतो. तांब्याच्या उभ्या नळीतून जोरकस चुंबक सोडला, तर तो दगडासारखा न पडता तरंगत आल्यासारखा हळूहळू उतरतो. चुंबक सरकताना नळीच्या भिंतीत विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि ते त्याच्या पडण्याला विरोध करतात, एवढे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकात मिळते. संघाचे काम त्यानंतरचे आहे. नळी तापवली तर काय होईल? तांब्याची रोधकता, म्हणजे विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध, दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढते आणि भिंतीतले प्रवाह तेवढे क्षीण होतात, म्हणून नळी पन्नास अंशांनी तापवल्यास चुंबकाचा वेग अंदाजे वीस टक्क्यांनी वाढायला हवा. समज, तो त्याहून जास्त वाढला. तर नळीबरोबर चुंबकही तापला असेल, आणि तापलेल्या चुंबकाची शक्तीही थोडी घटते, हे लक्षात यायला हवे. दोन्ही कारणे वेग वाढवणारीच असल्यामुळे केवळ निकाल पाहून कोणाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. म्हणून चुंबक खोलीच्या तापमानाला ठेवून फक्त नळी तापवायची, तेवढ्याच लांबीच्या प्लास्टिकच्या नळीतूनही तो सोडून पाहायचा, आणि वेळ स्टॉपवॉचऐवजी मोबाइलच्या संथगती चित्रणावरून काढायची. सेकंदाला २४० चित्रे घेणारा कॅमेरा सुमारे चार मिलिसेकंदांपर्यंतचा फरक दाखवतो.

याच प्रयोगात मी विद्यार्थी असताना एक खोडसाळपणा केला होता. आलेखावर तीन बिंदू रेषेपासून दूर पडले होते. मी ते ‘चुकीची वाचने’ म्हणून गाळले आणि उरलेल्यांतून सुरेख सरळ रेषा काढली. स्पर्धेत समोरच्या संघातल्या मुलीने शांतपणे विचारले, “चुंबकाच्या प्रत्येक लांबीसाठी पाच वाचने घेतली म्हणता, मग येथे दोनच बिंदू कसे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. परत येऊन चित्रण पुन्हा पाहिले, तेव्हा त्या तीनही वेळा आखूड चुंबक नळीत कलंडून भिंतीला घासत उतरल्याचे दिसले. त्या तीन बिंदूंत आमच्या प्रश्नाचा सर्वांत रंजक भाग होता आणि मीच तो पुसून टाकला होता.

त्या मुलीची भूमिका आक्षेपकाची होती. यंग फिजिसिस्ट्स टूर्नामेंटमध्ये एक संघ मांडणी करतो, दुसरा त्यातील उणिवा दाखवतो, तिसरा दोघांच्याही कामगिरीचे परीक्षण करतो आणि मग भूमिका बदलतात. मांडणीला बारा मिनिटे मिळतात, आणि नवशिके आपली सारी तयारी त्या बारा मिनिटांवरच खर्च करतात. खरे तर आक्षेप घेण्याचा सराव अधिक कठीण असतो, कारण समोरच्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा नीट समजून घेतल्याशिवाय त्यातली फट सापडत नाही. सरावात आपल्याच सोबत्याच्या प्रयोगावर आक्षेप घे; मात्र आक्षेप आकड्यावर किंवा गृहीतकावर असावा, बोलण्याच्या ढबीवर किंवा स्लाइडच्या रंगावर नसावा. सोबती दुखावला जाईल ही भीती पहिल्या महिन्यात असते, नंतर तोच तुझ्यामागे ‘माझी चूक काढ’ म्हणून लागतो.

वेळेविषयी थोडक्यात सांगतो. आठवड्यातून दोन ठरलेल्या बैठका आणि घरी मिळेल तेवढे वाचन पुरते. परीक्षेच्या दिवसांत काम थांबवायचे असेल, तर तसे संघाला आधी कळव, कारण न कळवता गायब होणारा हुशार मुलगा संघाला सर्वांत महाग पडतो. विषय वाटून घेताना प्रत्येकावर एकेका प्रश्नाची मुख्य जबाबदारी असावी आणि तो प्रश्न आणखी एकाला तरी पूर्ण माहीत असावा, म्हणजे ऐन वेळी कोणी आजारी पडले तर धावपळ होत नाही.

शेवटी वहीविषयी. पाने क्रमांकित असलेली बांधीव वही घे, तारीख घाल, शाईने लिही, आणि चुकलेला आकडा एका रेघेने असा खोड की तो वाचता यावा. शेजारी तो का चुकला असावा, ते लिही.

निवड चाचणीला तीन आठवडे आहेत, असे तू कळवले आहेस. तेवढ्या अवधीत दोलकाचा प्रयोग पाच, दहा, वीस आणि तीस अंशांच्या कोनांतून कर आणि त्या पानांची छायाचित्रे मला पाठव. खाडाखोड तशीच असू दे. ती मी आधी वाचणार आहे.

तुझा,
एक जुना संघसोबती