रोज धावल्याने आणि मॅरेथॉनमुळे हृदय झिजते का?

आपले वय ४१, रोज दहा किलोमीटर धावता, येत्या हिवाळ्यात पूर्ण मॅरेथॉन धावण्याचा विचार आहे आणि घरची मंडळी हृदय झिजेल म्हणून अडवत आहेत. तेव्हा हे खरे काय आणि किती धावणे अति म्हणावे, असे आपण विचारले आहे. हृदय झिजत नाही. नियमित धावणाऱ्याचे हृदय थोडे मोठे होते, एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते आणि म्हणून विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला पन्नासच्या खालीही जाऊ शकते. हा सरावाचा परिणाम आहे. ‘झिजते’ हे मला माझ्याच सासुरवाडीत इतके ऐकवले गेले आहे की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर गावातल्या मुलांकडून पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करून घेतो. त्या मुलांचे पाहून माझा धाकटा मेहुणा, चाळिशीतला कापूस पिकवणारा शेतकरी, पहाटे आमच्यासोबत धावू लागला आणि पुढे तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या दहा किलोमीटरच्या स्पर्धेत त्याने नाव दिले. तिथे मोठा मंडप होता, ध्वनिवर्धक होते, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ होते. रुग्णवाहिका मात्र नव्हती. सात किलोमीटर संपल्यावर तो नाल्याच्या रपट्यावर बसला. थंडीची सकाळ असूनही बनियन घामाने चिंब झाले होते, डावा हात त्याने उजव्या हाताने घट्ट धरला होता, आणि कुठे दुखते असे विचारले तेव्हा त्याने छातीऐवजी जबड्याकडे बोट दाखवले. कोणी मिरगी समजून त्याला चप्पल हुंगवत होते, कोणी कांदा फोडत होते. मी सगळ्यांना बाजूला केले, गर्दीतल्या औषध दुकानदाराकडून ॲस्पिरिनची गोळी घेऊन त्याला चावायला लावली आणि पाहुण्यांच्याच गाडीतून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. ईसीजीत झटका स्पष्ट दिसला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच मिळाले, आणि पुढे नागपूरला एका बंद नसेत स्टेंट बसला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात माझे थोरले साडू सर्वांसमोर म्हणाले, “गुरुजी, तुमीच त्याले पयाले लावलं.” ते आजही लग्नाकार्यात हेच सांगतात. सिस्टरने त्याच्या ट्रॅकपँटच्या खिशातून काढलेली खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पन्नी मात्र त्यांना कधी आठवत नाही. वीस-बावीस वर्षांचा तंबाखू, शेताचा चढ चढताना होणारी आणि ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडा पिऊन दडपलेली छातीतली जळजळ, आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, स्वतः पन्नाशीच्या आत फवारणी करताना छाती धरून गेले ही गोष्ट, यांतले काहीच त्यांच्या हिशेबात नाही. मामाजींना लू लागली असे घरात ठरवून टाकले होते, त्यामुळे मुलाची तपासणी करावी असे कोणाला वाटलेच नाही. मी सांगितले तेव्हा मेहुण्याने ते हसण्यावारी नेले. नसेतला चरबीचा थर वर्षानुवर्षे साचतो. जोराचे श्रम त्याला तडा जाण्याचे निमित्त ठरू शकतात, परंतु तो थर धावण्याने तयार होत नाही.

अमेरिकेत जॉगिंगचा प्रसार करणारे जिम फिक्स १९८४ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी धावतानाच गेले, तेव्हा जगभरच्या साडूंना असाच आनंद झाला असावा. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते आणि ते स्वतः पूर्वी भरपूर सिगारेट ओढत, हे त्या आनंदात मागे पडले. अमेरिकेतल्याच मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनच्या २००० ते २०१० या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे एक कोटी नऊ लाख धावपटूंमध्ये ५९ जणांचे हृदय बंद पडल्याचे आढळले आणि त्यांतले ४२ दगावले. १९९३ च्या एका अभ्यासात तर असे दिसले की जोराच्या श्रमांनंतर लगेच झटका येण्याचा धोका आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांत १०० पटींहून अधिक वाढतो, आणि पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत केवळ २.४ पट. म्हणजे श्रम अंगवळणी नसलेल्या माणसाने एकदम जोर करणे हेच अधिक घातक आहे. वर्षभर मोटारसायकलवरून शेतावर जाऊन बैलपोळ्याला शर्यत लावणाऱ्या आमच्या साडूंनी याचा विचार करावा.

आता आपल्या बाबतीत. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, अथवा आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तंबाखू, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, किंवा चढावर छातीत दाब येऊन थांबल्यावर ओसरत असेल, तर हृदयतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय मॅरेथॉनचे नाव काढू नये. बसून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे नसा मोकळ्या आहेत असे होत नाही. त्यासाठी डॉक्टर ट्रेडमिलवरची किंवा अन्य चाचणी सुचवतील. धावताना शुद्ध हरपणे हे कोणत्याही वयात गंभीर लक्षण आहे. तापात आणि ताप उतरल्यावरही काही दिवस धावू नये, कारण विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते.

अति किती, याचा एकच आकडा नाही. साडूंना हत्यार मिळेल म्हणून मी एरवी सांगत नाही, पण वर्षानुवर्षे लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण वाढलेले आढळते. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या बर्फावरच्या स्की शर्यतीत अधिक वेळा आणि अधिक वेगाने उतरणाऱ्यांत ते दिसून आले आहे. धडधड अनियमित वाटली तर नोंद करून दाखवावे. आपण विदर्भातले असाल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घ्यावी, ती सरकारी दवाखान्यात होते. वाहकाने, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्याने, धावू नये असे मुळीच नाही, परंतु उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावल्यास वाहकाचे स्नायू निकामी होऊन तो कोसळू शकतो, आणि बघणारे त्यालाही हार्ट अटॅक समजतात. माझा मेहुणा डॉक्टरांच्या परवानगीने आज पुन्हा पाच किलोमीटर धावतो. खर्रा त्याने सोडला आहे, साडूंनी अद्याप नाही.