दिलेले पैसे आणि ठाऊक असलेले गुपित

प्रश्न : मी आणि माझा जोडीदार, दोघेही पुरुष, चार वर्षे एकत्र राहतो. मी समलैंगिकांच्या हक्कांसाठी काम करतो. तो ज्या पक्षात आहे, त्याचा आमच्यासारख्यांच्या विवाहाला विरोध आहे. पण त्या विरोधाची पत्रके तोच लिहितो, हे मला तो झोपलेला असताना त्याचा मोबाइल उघडल्यावर कळले. त्याच्या व्यवसायासाठी मी दोन वर्षे आठ महिन्यांपूर्वी बँकेतून दिलेली मोठी रक्कमही त्याने परत केलेली नाही. त्याचे ढोंग उघडे पाडावे, असे माझे सहकारी म्हणतात. मी तसे करू शकतो का?

उत्तर : तुमच्या दोन तक्रारी मनात गुंतल्या असतील, पण कागदावर त्या कधीही एकत्र येऊ देऊ नका. ‘पैसे दे, नाहीतर सगळ्यांना सांगतो’ असा एक संदेश जरी तुम्ही पाठवलात, तरी हक्काचे पैसे मागणारे तुम्ही स्वतःच आरोपी होऊ शकता, कारण घाबरवण्याच्या हेतूने कोणाच्या अब्रूला इजा करण्याची धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. त्याला ‘पक्ष सोड’ अशी अट जोडलीत, तर तुमची बाजू आणखी लंगडी होईल. जुन्या दंड संहितेत समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या आरोपाची भीती घालून खंडणी उकळणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद होती. म्हणजे ज्या कायद्याने समलैंगिकांना गुन्हेगार ठरवले, त्यालाही या भीतीवर कोणीतरी पोट भरते हे ठाऊक होते.

धमकी न देता तो समलैंगिक असल्याचे थेट जाहीर केले तर? तेही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लैंगिक कल हा व्यक्तीच्या खासगीपणाचा गाभा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी म्हटले आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळताना, त्याचाच आधार घेतला गेला. तुमची चळवळ ज्या निकालांवर उभी आहे, त्यांचे संरक्षण तुमच्या जोडीदारालाही आहे, मग त्याची पत्रके तुम्हाला कितीही टोचोत. शिवाय फौजदारी बदनामीत गोष्ट खरी असणे एवढे पुरत नाही; ती सांगणे लोकहितासाठी आवश्यक होते, हेही तुम्हाला दाखवावे लागेल. छापलेल्या पत्रकातील मजकुरावर मात्र तुम्ही हवी तेवढी कठोर टीका करा, त्याला कोणाची हरकत चालणार नाही.

मोबाइलबाबत तुम्ही अडचणीत आहात. परवानगीशिवाय दुसऱ्याचे उपकरण उघडून माहिती घेतल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाईचा दावा होऊ शकतो, आणि हेतू अप्रामाणिक किंवा कपटाचा ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. त्यातले काही तुमच्याकडे उतरवून घेतले असेल, तर ते सहकाऱ्यांना दाखवू नका आणि स्वतःच्या वकिलाला विचारल्याशिवाय नष्टही करू नका.

आता पैसे, कारण घाई तिथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिल्याने तुमच्या नात्याला विवाहाचा दर्जा नाही, त्यामुळे पोटगीसारखा मार्ग तुम्हाला उपलब्ध नाही. उरतो तो उसनवारीचा साधा दिवाणी दावा. परतफेडीची तारीख ठरली नसेल, तर त्याची मुदत रक्कम दिल्यापासून तीन वर्षे, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम चार महिने आहेत. ती रक्कम भेट नव्हती, कर्ज होते, हे दाखवणारे त्या वेळचे तुमच्या दोघांमधील संदेश आणि बँकेचा उतारा आजच काढून ठेवा. तो नरमला, तर देणे मान्य असल्याचे तारखेसह त्याच्या सहीने लिहून घ्या. मुदत संपण्याआधी असे लिहून मिळाले, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मोजली जातात. नाही म्हणाला, तर वकिलामार्फत नोटीस पाठवा, आणि तिच्यात रक्कम, तारीख व मागणी यांखेरीज, ना पक्षाचा, ना पत्रकांचा, ना नात्याचा, एक शब्दही येऊ देऊ नका.